बाष्पकाचा कायदा आणि खारपाणपट्ट्याचे पाणी

१ मे २०२५ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, कामगारांच्या जिवाशी निगडित असलेला एक जुना कायदा इतिहासजमा झाला. १९२३ साली इंग्रजी अमदानीत संमत झालेला बाष्पक अधिनियम शंभर वर्षांहून अधिक काळ अमलात होता. त्याची जागा संसदेने संमत केलेल्या नव्या बाष्पक अधिनियमाने घेतली. बाष्पक म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला बॉयलर. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अशा कायद्याची चर्चा चावडीवर होत नाही, हे स्वाभाविक आहे. मोठ्या बॉयलरांचे औष्णिक वीजकेंद्र शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पारसला आहे. बुलढाण्याचे बॉयलर लहान: तेलगिरणीतले, सोयाबीनचे तेल काढणाऱ्या कारखान्यातले, दूध तापविणाऱ्या डेअरीतले, रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण कक्षाला वाफ पुरविणारे आणि यात्रेकरूंच्या निवासांत किंवा वसतिगृहांत स्नानाचे पाणी तापविणारे. ते एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, इमारतीच्या मागच्या बाजूस, बहुधा कोणाच्या नजरेस न पडता चालतात.

म्हणूनच नव्या कायद्याच्या निमित्ताने जिल्ह्यापुरता एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. बॉयलरचे पोलाद किती जाड असावे, हे कायदा सांगतो. त्या पोलादाच्या आत रोज कोणते पाणी जाते, बाहेर कोणत्या तारा जोडलेल्या आहेत आणि रात्रीच्या पाळीला त्याच्यासमोर कोण उभे आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? लहान बॉयलरचे अपघात बहुतांशी याच तीन गोष्टींच्या सांध्यात जन्म घेतात आणि बुलढाणा जिल्ह्यात या सांध्यावर निसर्गाने आणखी एक भार टाकलेला आहे. तो भार पाण्याचा आहे.

बंब आणि बॉयलर

मराठी घरांतून एके काळी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि वर सैल झाकण. पाणी उकळले तरी वाफ झाकणाच्या फटीतून निघून जाई. फार तर अंगणात शिंतोडे उडत. बंबाने कोणाचे घर उडविले नाही, याचे कारण त्याचे तोंड उघडे होते. बॉयलर म्हणजे तोंड बंद केलेला बंब. दर चौरस सेंटिमीटरला सात किलोग्रॅम दाबाने चालणाऱ्या बॉयलरात पाणी सुमारे १७० अंश सेल्सिअसला उकळते. कवच फाटले की त्या पाण्याला एकाएकी मोकळी हवा लागते आणि १०० अंशांच्या वर द्रवरूपात राहणे त्याला अशक्य होते. त्याचा काही भाग क्षणार्धात वाफ बनतो आणि त्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा हवी असते. भिंती पाडणारी शक्ती ती हीच. स्फोटाची तीव्रता विस्तवावर जेवढी, त्याहून अधिक साठलेल्या तप्त पाण्यावर अवलंबून असते, ही गोष्ट सामान्यतः लक्षात घेतली जात नाही.

कायद्याने बॉयलरची व्याख्या करताना तीन गोष्टी वगळल्या आहेत. पंचवीस लिटरहून कमी मापाची पात्रे, दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून कमी दाबाची पात्रे आणि ज्यांत पाणी १०० अंशांच्या खालीच तापविले जाते अशी पात्रे. ही व्याख्या २००७ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या अधिनियमातही ती कायम आहे. सत्तर-ऐंशी अंशांचे पाणी देणारा धर्मशाळेचा अथवा रुग्णालयाचा बॉयलर त्यामुळे बाष्पक ठरत नाही. त्याला नोंदणी नाही, क्रमांक नाही, निरीक्षक नाही. प्रत्येक गीझरमागे सरकारी निरीक्षक धावणे शक्य नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ही १०० अंशांची रेषा प्रत्यक्षात कशावर उभी आहे? ती थर्मोस्टॅटच्या एका संपर्कावर आणि हवेत उघडणाऱ्या एका नळावर उभी आहे. संपर्क चिकटून बसला आणि तो नळ क्षारांनी बुजला, किंवा पाणी सांडते म्हणून कोणी त्याला झडप बसविली, तर ऐंशी अंशांचे निरुपद्रवी पात्र काही वेळात बंद तोंडाचा बॉयलर बनते. कायद्याच्या बाहेर असलेले यंत्र निसर्गनियमाच्या बाहेर असत नाही. म्हणून अशा पात्रावर नेहमीच्या थर्मोस्टॅटखेरीज, त्याच्याशी कोणताही संबंध नसलेला दुसरा तापमानरोधक असला पाहिजे. तो एकदा तुटल्यावर आपोआप जुळू नये. माणसाने येऊन, कारण शोधून, हाताने जुळवावा. सुरक्षा झडप आणि मोकळा नळ यांच्या वाटेत कोणतीही तोटी असता कामा नये.

खामगाव आणि मँचेस्टर

वाफेशी या जिल्ह्याचा परिचय आजचा नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले ते जलंबहून येणाऱ्या लोहमार्गाच्या उद्घाटनासाठी. वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत त्वरेने पोहोचावा, हा त्या मार्गाचा हेतू होता. कापसाचे गठ्ठे दाबणाऱ्या यंत्रांबरोबर वाफही या मुलखात आली. ज्या मँचेस्टरची भूक भागविण्यासाठी हा खटाटोप चालला होता, तेथे बॉयलरचे स्फोट ही तोवर नित्याची बाब होऊन बसली होती. सरकार काही करीपर्यंत वाट न पाहता तेथील वाफ वापरणाऱ्या कारखानदारांनी, विल्यम फेअरबेर्न या अभियंत्याच्या पुढाकाराने, १८५४ साली आपली संस्था काढली. सभासदांच्या बॉयलरांची नियमित तपासणी करणारे निरीक्षक या संस्थेने नेमले. स्फोटाची सक्तीने चौकशी करणारा कायदा इंग्लंडात १८८२ साली झाला. कारखानदारांची संस्था त्याच्या आधी अठ्ठावीस वर्षे काम करीत होती.

हिंदुस्थानात क्रम उलटा लागला. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा १८६४ साली बंगालने तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनी आपापल्या सवडीने आपापले कायदे केले; एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात अमान्य, अशी अवस्था झाली. ती दूर करण्यासाठी १९२३ चा अधिनियम आला आणि त्याखाली १९५० ची विस्तृत नियमावली तयार झाली. अमेरिकेत १९०५ साली मॅसेच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण मृत्युमुखी पडले आणि १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरचे नियम केले. जगात सर्वत्र या कायद्यांची शाई रक्ताने कालविलेली आहे. मँचेस्टरचे उदाहरण एवढेच सांगते की, प्रेते मोजण्याआधीही शहाणपण सुचू शकते.

घाटावरचे पाणी, घाटाखालचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग प्रत्येक रहिवाशाला ठाऊक आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. भाषेत, पिकांत आणि राजकारणात हा भेद नेहमी बोलला जातो. बॉयलरच्या बाबतीत तो क्वचितच विचारात घेतला जातो आणि तेथेच घोटाळा होतो. कारण घाटावर आणि घाटाखाली बॉयलरला होणारे आजार निरनिराळे आहेत.

घाटावरील विहिरी व विंधणविहिरी काळ्या पाषाणातून पाणी घेतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी जड असते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. असे पाणी तापले की हे क्षार पातेल्याच्या तळाशी बसतात, तसेच बॉयलरच्या नळ्यांवर बसतात. हा थर उष्णतेला अडवितो. पाण्याने थंड राहणारे पोलाद मग थंड राहत नाही. ते तापते, मऊ पडते, फुगते आणि एखाद्या दिवशी फाटते. या आजारावर औषध आहे. पाणी मऊ करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, रेझिनच्या साह्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेते आणि त्यांच्या जागी सोडियम देते. रेझिन थकले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजेतवाने करावयाचे. मिठाचे पोते आणायचे राहून गेले की यंत्र भिंतीशी शोभेला उभे राहते आणि कठीण पाणी सरळ बॉयलरात जाते.

घाटाखालची गोष्ट वेगळी आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजलात मीठ विरघळलेले आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील लोक मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. माणसांसाठी वान धरणावरून पाणी आणण्याच्या योजना झाल्या. यंत्रे मात्र ठिकठिकाणी विंधणविहिरीवरच राहिली. आता येथे सॉफ्टनर बसविला तर काय होते? कॅल्शियम गेले, सोडियम आले. विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज तशीच राहिली. चिखलीला जे यंत्र गुणकारी, ते संग्रामपूरला निम्मेच उपयोगी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मात्र दोन्ही गावांसाठी एकच चित्र छापलेले असते.

हा फरक आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. वाफ जाते ती जवळजवळ शुद्ध पाण्याची. क्षार मागे राहतात आणि दाट होत जातात. म्हणून काही पाणी तळातून सोडून द्यावे लागते. सर्वसाधारण कवची बॉयलरात विरघळलेले क्षार लिटरला ३,५०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. आत घेतलेल्या पाण्यात ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर वाफेच्या दर १०० लिटरमागे नऊ-दहा लिटर पाणी सोडले की भागते. पाण्यात १,५०० मिलिग्रॅम असतील, तर ७५ लिटर सोडावे लागते. २,००० मिलिग्रॅम असतील, तर १३३ लिटर, म्हणजे वाफ होते त्याहून गटारात जाते अधिक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरा स्रोत नसेल तर, २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. माणसाला नाइलाजाने चालते ते पाणी बॉयलरला अजिबात चालत नाही, हा विरोधाभास खारपाणपट्ट्याने समजून घेण्यासारखा आहे.

एवढे पाणी कोणी प्रत्यक्षात सोडीत नाही, कारण त्याबरोबर इंधनही जाते. मग क्षार दाट होतात, पाण्याला फेस येतो, वाफेबरोबर पाण्याचे लोट नळात शिरतात आणि क्लोराइड पोलादाला ठिकठिकाणी खड्डे पाडतात. त्यावर उपाय म्हणजे विलोम परासरणाचे, म्हणजेच आरओचे यंत्र, आणि वापरून थंड झालेल्या वाफेचे पाणी परत बॉयलरात आणण्याची व्यवस्था. दुसरा उपाय सर्वांत स्वस्त; कारण ते पाणी आधीच शुद्ध आणि ऊनही असते. आरओ यंत्रातून निघणारे अतिखारट पाणी शेजारच्या शेतात किंवा नाल्यात सोडले, तर एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या जमिनीवर विकत घेतल्यासारखे होईल. त्याची निराळी सोय लावलीच पाहिजे. स्नानाचे पाणी तापविणाऱ्या बॉयलरात तर रोज नवे पाणी येते आणि रोज नवे क्षार येतात. तेथे बॉयलरचे पाणी बंद फेऱ्यात फिरते ठेवून, उष्णता देणाऱ्या नळ्यांतून स्नानाचे पाणी निराळे तापविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. फेऱ्यात किती नवे पाणी घालावे लागते, याचे मीटर बसविले की गळतीही आपोआप उघडकीस येते.

पाण्यापासून तारेपर्यंत

पाण्याचे हे दुखणे पाण्यापुरते राहिले असते, तर इंधनाचा खर्च आणि नळ्यांची दुरुस्ती एवढ्यावर भागले असते. दुर्दैवाने ते तारांपर्यंत पोहोचते. आजच्या लहान बॉयलरात पाण्याची पातळी सांगण्यासाठी धातूच्या कांड्या किंवा तरंगता गोळा असतो. पातळी खाली गेली की त्याने विजेचा मार्ग तोडावा आणि बर्नर अथवा पंखा बंद पाडावा, अशी योजना असते. कांडीवर क्षारांचा थर बसला की पाणी असूनही ती नाही म्हणते. फेस आला की पाणी नसूनही ती आहे म्हणते. गोळा गाळात अडकला की तो काहीच म्हणत नाही.

यातली पहिली अवस्था वरवर निरुपद्रवी दिसते आणि तीच सर्वांत घातक ठरते. बॉयलर तासातासाला विनाकारण बंद पडू लागतो. घाणीवर माल खोळंबलेला, मालक चिडलेला, तंत्रज्ञ दुसऱ्या गावी. अशा वेळी कोणीतरी वायरचा एक तुकडा घेऊन ती दोन टोके जोडून टाकतो. बॉयलर पुन्हा सुरळीत चालतो आणि त्या तुकड्याची कोणाला आठवण राहत नाही. त्यानंतर एखाद्या रात्री पंप पाणी ओढीत नाही. पाणी नळ्यांच्या खाली जाते, पोलाद लाल होते आणि घाबरलेला माणूस थंड पाणी आत सोडतो. तापलेल्या बॉयलरात पाणी सोडणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक चूक. पाणी दिसेनासे झाले तर आधी विस्तव काढावयाचा, बॉयलर आपोआप निवू द्यावयाचा. पाणी घालावयाचे नाही. सुरक्षा झडप येथे कामास येत नाही. ती दाबापासून रक्षण करते, कोरड्या पडलेल्या पोलादापासून नाही.

अशा अपघाताची बातमी "बॉयलरचा स्फोट" एवढीच येते. कारणांची साखळी मात्र मिठाच्या न आणलेल्या पोत्यापासून किंवा न बसविलेल्या आरओ यंत्रापासून सुरू झालेली असते. पाणी आणि तारा ही दोन कंत्राटे दोन माणसांना दिली जातात. हे जोवर चालेल, तोवर ही साखळी कोणाच्याही नजरेस पडणार नाही.

विजेच्या जोडणीचे मूलतत्त्व एका वाक्यात सांगता येते: बिघाड झाला, तार तुटली, वीज गेली, तर यंत्र बंदच पडले पाहिजे. कमी पाण्याचा रोधक, जादा दाबाचा रोधक आणि ज्योत विझल्याची खूण देणारा डोळा हे सर्व एकामागून एक एकाच मार्गात असावेत. यांपैकी कोणीही नाही म्हटले की विस्तव थांबावा. कमी पाण्याचे रोधक दोन असावेत आणि त्यांच्या तारा स्वतंत्र असाव्यात. नियंत्रणपेटी कुलूपबंद असावी आणि तिच्यातील प्रत्येक बदल नोंदवहीत लिहिला जावा. ग्रामीण भागात रोहित्राच्या दुरुस्तीनंतर फेजांचा क्रम उलटतो आणि पंप व पंखे उलटे फिरू लागतात. एखादा फेज जाऊन मोटार जळते. यासाठी लागणारे संरक्षक उपकरण महाग नाही. ते बसविले जात नाही, एवढेच.

जमिनीचीही एक बाब आहे. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगची पट्टी व माती यांच्यात फट पडते, माती कोरडी होते आणि पावसाळ्यात उत्तम ठरलेले अर्थिंग वैशाखात निकामी असू शकते. खारपाणपट्ट्यात तर ती पट्टी गंजून जाते. म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात झाली पाहिजे. मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, असा नियम आहे. पाण्याने ओल्या झालेल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभ्या असलेल्या माणसासाठी तो केलेला आहे.

वीज जाते, विस्तव जात नाही

तेलावर किंवा वायूवर चालणाऱ्या बॉयलरला वीज गेल्याचा धोका कमी. वीज गेली की ज्योतही जाते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र पऱ्हाटी, लाकूड, भुसा आणि त्यांच्या विटा हे हाताशी असलेले इंधन आहे. शेतातील टाकाऊ वस्तूला मोल येते, ही स्वागतार्हच गोष्ट आहे. पण वीज गेल्यावर पाण्याचा पंप क्षणात थांबतो आणि भट्टीतील निखारे तासन्‌तास धगधगत राहतात. आपोआप बंद पडण्याची सारी योजना येथे अपुरी पडते, कारण निखाऱ्याला बटण नसते. अशा ठिकाणी वाफेवरच चालणारा इंजेक्टर, किंवा जनित्रावर चालणारा दुसरा पंप, आणि विस्तव ओढून काढण्याची मोकळी जागा अनिवार्य आहे. त्याहून अनिवार्य आहे तो समोर उभा असलेला, काय करावे हे जाणणारा माणूस.

कायद्याने या माणसाला परिचर म्हटले आहे आणि त्याच्यासाठी परीक्षा व प्रमाणपत्र ठेवले आहे. पण बॉयलर तीन पाळ्यांत चालतो आणि प्रमाणपत्र एका नावावर असते, हा मोह लहान उद्योगाला नेहमीच होतो. साखर कारखाने हे महाराष्ट्रात परिचरांचे नैसर्गिक विद्यालय ठरले आहे. या जिल्ह्यातील दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडून बराच काळ लोटला आहे. गरम पाण्याच्या बॉयलरला तर कायद्याने परिचराचीही अट नाही. तेथे बहुधा पहारेकरी किंवा स्वयंपाक्याचा मदतनीसच बटण दाबतो. जीव जाण्याची वेळ आली तर तो याच माणसाचा जातो; व्यवस्थापकाचे कार्यालय शेडपासून दूर असते.

नव्या कायद्याचे देणे आणि राहिलेले घेणे

नव्या अधिनियमाने काही चांगल्या गोष्टी केल्या आहेत. बॉयलरच्या आत उतरून काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी स्पष्ट तरतूद आली. दुरुस्ती पात्र व सक्षम व्यक्तींनीच करावी, असे बंधन आले. जीवित व वित्ताची हानी घडवू शकणारे चार गंभीर अपराध फौजदारी ठेवून बाकीच्यांना आर्थिक दंडावर सोडण्यात आले. व्यवसायसुलभता हा त्यामागचा जाहीर हेतू आहे. खासगी सक्षम व्यक्तींकडून तपासणी करून घेण्याचा मार्ग २००७ च्या दुरुस्तीने खुला झाला होता. तो पुढेही चालू राहिला.

सरकारी निरीक्षकाची वाट पाहत बॉयलर बंद ठेवण्यापेक्षा हे बरे, असे उद्योजक म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. पण तपासणी सरकारी असो वा खासगी, ती वर्षाकाठी होते आणि त्या दिवशी बॉयलर थंड, रिकामा व घासून स्वच्छ केलेला असतो. नळीवर क्षार असतील तर ते त्या दिवशी दिसतात. वायरचा तुकडा त्या दिवशी काढून ठेवता येतो. प्रमाणपत्र पोलादाला मिळते. पाणी आणि तारा उरलेल्या दिवसांच्या हवाली होतात. पाण्याची प्रमाणके भारतीय मानकांत छापलेली आहेत, विजेचे नियम विद्युत निरीक्षकांकडे आहेत, बॉयलर बाष्पके संचालनालयाकडे आहे. तीन कागद तीन कपाटांत आणि बॉयलर एकच.

मोठेपणा ही सुरक्षिततेची हमी नव्हे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील सार्वजनिक क्षेत्रातील वीजकेंद्रात चाळिसांहून अधिक कामगार दगावले. तेथे अभियंत्यांची वाण नव्हती, प्रमाणपत्रांचीही नव्हती. भट्टीत साचलेली राख संच बंद न करता काढण्याचा प्रयत्न चालू होता, असे त्या वेळी समोर आले. यंत्र थांबविण्याची किंमत माणसांच्या जिवापेक्षा जड वाटली की हे घडते आणि वायरचा तुकडा जोडणारा हातही हेच गणित करीत असतो. दुसरीकडे, २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट आधी बॉयलरचा म्हणून गाजला आणि नंतर तो रिॲक्टरचा निघाला. प्रत्येक धडाक्याला बॉयलर म्हणण्याच्या या सवयीने बॉयलरविषयी भीती वाढते, ज्ञान वाढत नाही.

जिल्ह्याला करता येण्याजोगे

येथेच १८५४ च्या मँचेस्टरचा धडा उपयोगी पडतो. बुलढाणा जिल्ह्याला सहकाराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. खामगाव, चिखली आणि मलकापूरजवळील दसरखेडच्या औद्योगिक वसाहतींतील वाफ वापरणारे उद्योजक, रुग्णालये आणि मोठी निवासस्थाने यांनी एकत्र येऊन एक संस्था काढावी. तिच्याकडे पाणी तपासणारा एक माणूस, नियंत्रणाच्या तारा जाणणारा एक माणूस आणि एक वाहन असले तरी पुरे. महिन्यातून एकदा, न कळविता, प्रत्येक सभासदाचा बॉयलर चालू असताना पाहावा: पाणी मोजावे, पातळीचा रोधक मुद्दाम पाणी उतरवून खरोखर तुटतो का ते बघावे, नियंत्रणपेटी उघडावी, नोंदवही वाचावी. १०० अंशांखालच्या बॉयलरांनाही या तपासणीत घ्यावे. कायद्याने सोडले म्हणून संस्थेने सोडू नये. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारखी संस्था जिल्ह्यात आहे. तालुकावार भूजलाचा तक्ता करून कोठे सॉफ्टनर पुरे आणि कोठे आरओ हवे, हे सांगणे तेथील अध्यापकांना अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून परिचरांचे वर्ग निघाले, तर दुसऱ्या-तिसऱ्या पाळीलाही प्रमाणपत्र असलेला माणूस मिळेल.

खर्चाचा प्रश्न अटळपणे निघेल आणि त्याला आकड्यानेच उत्तर देता येईल. १,५०० मिलिग्रॅमच्या पाण्यावर चालणाऱ्या बॉयलरातून वाफेच्या दर १०० लिटरमागे जे ७५ लिटर तप्त पाणी सोडावे लागते, त्याबरोबर, ऊन परत न मिळविल्यास, वाफ करण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी उष्णता वाहून जाते. ३०० मिलिग्रॅमच्या पाण्यात हीच नासाडी शेकडा दोनच्या आसपास राहते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची किंमत इंधनाच्या बिलातून वसूल होणारी आहे. सुरक्षितता त्यावर वरकड मिळते. बॉयलर घेताना मात्र सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारली जाते आणि तिच्यातून प्रथम गळतात ती हीच दोन कलमे: पाणी आणि नियंत्रण.

संस्थेचे काम सुरू होईपर्यंतही एक गोष्ट करता येते आणि तिला पैसा लागत नाही. बॉयलर नाहक बंद पडतो अशी तक्रार परिचराने केली, तर त्याला रागावण्याऐवजी मालकाने त्या दिवशीचे पाणी तपासून घ्यावे. यंत्र वारंवार नाही म्हणत असेल, तर त्याचे तोंड तारेने बांधण्यापूर्वी ते का नाही म्हणते हे विचारण्याची सवय जडली पाहिजे. नवा कायदा दिल्लीत झाला आणि राज्यांत अमलात येईल. खारपाणपट्ट्यातील रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी परत जाईल की नाही, याचा निर्णय मात्र मिठाचे पोते, पातळीची कांडी आणि वीतभर वायर यांच्यापाशीच होणार आहे.